तिरीच्या नावावरचा गोल



कबड्डीत पकड केली की गुण मिळतो. उत्कृष्ट चढाईला बक्षीस असतं, तसं उत्कृष्ट पकडीलाही असतं. फुटबॉलमधल्या बचावपटूच्या नशिबी हे नाही. नव्वद मिनिटं तो चेंडू अडवत राहतो आणि फलकावर काहीच चढत नाही. त्याचं नाव हमखास छापून येतं ते स्वयंगोल झाला तरच.

आज ज्याच्याबद्दल बोलायचं तो होसे लुईस एस्पिनोसा अरोयो. मैदानावर सगळे त्याला तिरी म्हणतात. जन्म १९९१चा, दक्षिण स्पेनच्या कादिस प्रांतातल्या लोस बारिओसचा. बाटलीचं बूच ज्या झाडाच्या सालीपासून करतात, त्या झाडांचं मोठं जंगल त्या गावाच्या शिवाराला लागून आहे. जंगलाच्या कडेला राहणं म्हणजे काय, हे मी तुम्हा चिमूरकरांना काय सांगणार!

अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या दुसऱ्या फळीत खेळलेला हा मुलगा २०१५मध्ये कोलकात्याला आला. पुढे जमशेदपूरला तीन हंगाम काढले, मग पुन्हा कोलकाता, मोहन बागान.

१३ मार्च २०२१. इंडियन सुपर लीगची अंतिम लढत, मडगावचं फातोर्डा मैदान. कोरोनामुळे सगळा हंगामच गोव्यात, रिकाम्या खुर्च्यांपुढे. मोहन बागान एका गोलनं पुढे. तेवढ्यात मुंबई सिटीच्या अहमद जाहूनं लांबून चेंडू टाकला. तिरी स्वतःच्याच गोलाकडे धावत होता. चेंडू डोक्यानं बाहेर काढायला गेला आणि तो पुढे आलेल्या गोलरक्षकाला चकवून जाळ्यात! त्यानं चेंडू सोडून दिला असता, तर मागे मुंबईचा बिपिन सिंग होताच. म्हणजे प्रयत्न केला म्हणून नाव लागलं, न करता तर कदाचित लागलं नसतं. याच बिपिननं शेवटच्या मिनिटाला दुसरा गोल केला आणि मुंबईला पहिलं विजेतेपद मिळालं.

नंतरचं वर्ष त्याहून वाईट. मे २०२२मध्ये एएफसी चषकाच्या सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. तिशीतल्या बचावपटूला हे दुखणं म्हणजे बहुतेक वेळा घरी जायचं तिकीट. तो बाहेर असतानाच, २०२३च्या मार्चमध्ये, त्याच फातोर्ड्यावर मोहन बागाननं विजेतेपद पटकावलं.

मग त्याला बोलावलं कुणी? मुंबई सिटीनं. ज्यांना त्यानं नकळत गोल दिला होता, त्यांनीच! मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. एका क्षणाची चूक आणि सात-आठ वर्षांचं काम यांतलं कुठलं मोजायचं, हे त्या व्यवस्थापनाला कळलं.

तिरी आला त्या हंगामातला मुंबईचा कर्णधार राहुल भेके. हाही बचावपटूच, आणि आपला मुंबईकर. २०१९च्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत, अंधेरीच्या मैदानावर हेडर मारून त्यानं बंगळूरूला गोव्याविरुद्ध जिंकून दिलं होतं. त्याचं नाव लागलं ते गोल केला म्हणून. त्याआधी जवळजवळ दोन तास गोव्याला एकही गोल करू दिला नाही, ते कुणाच्या खात्यावर?

४ मे २०२४ला अंतिम सामन्यात भेके-तिरीची मुंबई कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानपुढे उभी राहिली. साठ हजारांवर प्रेक्षक, बहुतेक सगळे बागानचे. पहिला गोल बागानचा, शेवटी मुंबई ३-१. गोल पेरेरा डियाझ, बिपिन आणि वॉयतुशचे. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तीच नावं ठळक होती. तिरीचं नाव शोधायला संघाची यादी वाचावी लागली.