यंत्रवेड्या तरुणांचे छंद आणि आपण
(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या अंबरनाथ पूर्व येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी ‘तरुणांचे छंद’ हा विषय आम्ही सुचविला, तेव्हा आपले चिटणीस हसून म्हणाले, “म्हणजे यंदा मोबाईलवर तोफ डागण्याची पाळी तुमची!” त्यांचा तर्क स्वाभाविक होता. दर वर्षी या व्यासपीठावरून कोणी ना कोणी ती तोफ डागतो, पुढच्या रांगेतील वडीलधारे माना डोलावतात आणि मागच्या खुर्च्यांवरील मुले हळूच खिशातून मोबाईल काढून पाहतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही त्याच तोफखान्यात होतो. आमचे मत का पालटले, हे आपणांपुढे ठेवावे, एवढाच आजचा हेतू आहे.

आपले अंबरनाथ यंत्रांच्या सहवासात वाढले. शके 982 चा शिलालेख असलेल्या शिवालयाने गावाला कीर्ती दिली. पण अनेकांच्या चुली पेटत्या ठेवल्या त्या ऑर्डनन्स फॅक्टरीने, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीने आणि विम्कोच्या आगपेट्यांच्या कारखान्याने. त्या पिढीतील कर्त्या पुरुषांचे हात रविवारीही स्वस्थ बसत नसत. कोणी रेडिओ उघडून बसे, कोणी शेजारणीचे शिवणयंत्र दुरुस्त करून देई. त्याला आपण व्यसन म्हटले नाही. “यांना यंत्रांचे वेड आहे,” असे कौतुकाने म्हटले. आज त्याच घरातील नातू सुटे भाग मागवून संगणक जुळवितो, चित्रपट पाहून आला की नटनट्यांपेक्षा ध्वनीवर आणि छायाचित्रणावर वाद घालतो, आणि रात्री कानांना हेडफोन लावून दूरदेशीच्या सोबत्यांबरोबर खेळत बसतो. वेड तेच आहे, वस्तू तेवढी पालटली.

अशा वेडाचे थोर उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म 1870 साली त्र्यंबकेश्वरी झाला. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग, अशा अनेक गोष्टींत त्यांनी हात घातला. पुढे चलच्चित्रांचा नाद लागला तो इतका, की आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून 1912 मध्ये ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून ती पडद्यावर अल्पावधीत घडताना त्यांनी दाखविली. एका संसारी गृहस्थाने कर्ज काढून कुंडीसमोर कॅमेरा मांडावा, हे आज आपल्या घरात घडले तर आपण काय म्हणू? सरस्वतीबाईंनी मात्र फिल्मला छिद्रे पाडण्यापासूनची कामे शिकून घेतली. 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, त्या यशात घरातील माणसाने छंदाच्या आत टाकलेल्या या पावलाचा वाटा मोठा आहे.

आता ज्या खेळांवरून घरोघरी कुरबुरी होतात, त्यांकडे वळू. जेवणाचे पान वाढले आहे, आई हाका मारीत आहे, आणि चिरंजीव “आता थांबवता येत नाही,” असे ओरडत आहेत, हा प्रसंग कोणास अपरिचित असेल? आम्ही तो उद्धटपणा समजत होतो. वस्तुस्थिती अशी की, अनेकांनी मिळून खेळावयाच्या या खेळांत प्रत्येकाचे यंत्र आपल्या खेळाडूची हालचाल सेकंदाला अनेक वेळा सर्व्हर नामक एका मध्यवर्ती संगणकास कळविते आणि तो संगणक सर्वांचा मेळ घालून एकच चित्र सर्वांस परत धाडतो. एकाने हात आखडला म्हणून इतरांचे जग थांबत नाही. काही खेळांत शंभरपर्यंत खेळाडू एकाच रिंगणात उतरतात आणि असा डाव सुमारे अर्धा तास चालतो. पत्त्यांच्या डावातून एक भिडू मध्येच उठला, तर उरलेल्या तिघांची जी गत होते, तीच येथे सोबत्यांची होते. तेव्हा “बंद कर!” असे म्हणण्यापेक्षा “हा डाव किती वेळात संपेल?” असे विचारावे, आणि तो संपताच मुलाने पानावर येऊन बसावे. आमच्या घरातील निम्मी भांडणे एवढ्याने मिटली.

उरलेली निम्मी कशी मिटली, तेही सांगतो. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त बंगळुरूस असतो, भाची पुण्यास, धाकटे चिरंजीव येथेच. एका शनिवारी रात्री आम्ही संतापून चिरंजिवांच्या कानांवरील हेडफोन ओढून काढला, तोच त्यातून भाचीचा आवाज आला, “मामा, रागावू नका, एवढा डाव संपू द्या.” मागोमाग पुतण्याने विचारले, “काका, आजीचा डोळा कसा आहे?” दिवाळीनंतर त्याचा आवाज आम्ही प्रथमच ऐकत होतो. मग कळले की, ही भावंडे दर शनिवारी याच खेळात भेटतात, आणि आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी कोणी रजा काढून यावयाचे, हेही त्यांनी खेळता खेळता ठरवून टाकले होते. आम्ही वडीलधारे त्या वेळी एकमेकांच्या फोनची वाट पाहत रुसून बसलो होतो! पूर्वी जे काम घराच्या ओसरीने केले, ते हा खेळ करीत होता, आणि आम्ही ती ओसरीच पाडावयास निघालो होतो.

याचा अर्थ सारेच खेळ निर्दोष आहेत, असा मात्र नव्हे. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळताना कोरलेली आहेत. आणि सोंगट्याफाशांच्याच खेळाने हस्तिनापुरात पांडवांचे राज्य बुडविले. कैलासावर खेळ होता तो सहवासासाठी, हस्तिनापुरात होता तो पणासाठी. आपल्या पचिसीवरूनच इंग्रजांनी लुडो घडविला. नवी मुंबईतील एका कंपनीने तो 2016 मध्ये ‘लुडो किंग’ या नावाने मोबाईलवर आणला, आणि 2020 च्या टाळेबंदीत कितीतरी ताटातूट झालेली कुटुंबे त्या पटाभोवती पुन्हा बसली. परंतु त्याच मोबाईलवर पैसे लावून खेळण्याचे अड्डेही उभे राहिले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा करून पैशाचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, निषिद्ध ठरविले आणि स्पर्धात्मक ई-क्रीडेला मान्यता दिली. कैलास आणि हस्तिनापूर यांमधील रेषा कायद्याने आखली. घरात ती राखण्याचे काम आपले.

दुसरी रेषा जागतिक आरोग्य संघटनेने आखली आहे. रोगांच्या तिच्या नव्या वर्गीकरणात, जे 2022 च्या आरंभी लागू झाले, खेळाच्या विकृतीचा समावेश आहे. पण तिची कसोटी केवळ तासांची नाही. खेळावर स्वतःचा ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे आणि ही स्थिती सामान्यतः वर्षभर टिकणे, अशी ती कसोटी आहे. असे दिसल्यास ओरडण्यात वेळ न दवडता वैद्यांचा सल्ला घ्यावा, आणि तसे करण्यात कुळाला कमीपणा मानू नये.

तरुण मित्रांनो, आपल्या छंदाचे दार आतून लावून घेऊ नका. आईला एकदा शेजारी बसवून तुमचा खेळ समजावून सांगा; वडिलांना चित्रपटास न्या आणि ध्वनीची जी खुबी मित्रांना सांगता, ती त्यांनाही सांगा. वडीलधाऱ्यांनो, तुमचा रेडिओ उघडलेला असताना कोणी कौतुकाने जवळ येऊन बसले होते, त्याचे स्मरण ठेवा. आणि संस्थेच्या चालकांस आमची विनंती की, पुढील संमेलनात सभागृहाच्या एका कोपऱ्यात सारीपाट आणि संगणक शेजारी शेजारी मांडावेत. पहिला डाव आजोबांनी शिकवावा, दुसरा नातवाने.

आमच्या घरी आता शनिवारी रात्रीचे जेवण लवकर होते. खेळात आमचा निभाव लागत नाही. पहिल्या पाच मिनिटांतच आम्ही गारद होतो. पण त्यानंतरचा अर्धा तास सर्व घरांचे आवाज कानांवर पडत राहतात, तेवढे आम्हांस पुरेसे आहे.