आरोग्य आणि कामाचे तास



ह्या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे, तेही नापास. पुढे जे काही शिकलो ते लालबागच्या चाळीशेजारच्या वाचनालयात, आणि कंडक्टर असताना शेवटच्या थांब्यावर गाडी सुटेपर्यंत मिळणाऱ्या पाच-दहा मिनिटांत. तेव्हा बोलण्यात कोठे उणेअधिक झाले तर सांभाळून घ्यावे. आजच्या धावपळीच्या जीवनात प्रकृती कशी सांभाळावी, असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. गंमत अशी की, फिरायला जाण्याच्या ऐन वेळी आपण सारे खुर्च्यांवर बसून फिरण्याचे फायदे ऐकणार आहोत!

चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आमच्या युनियनचा एक सभासद, बसचा ड्रायव्हर, वय ४६. गाडी डेपोत लावली आणि त्याने स्टीअरिंगवरच मान टाकली. नशीब, कंडक्टरच्या लगेच लक्षात आले. वेळेवर रुग्णालयात पोचला, वाचला. पंधरा दिवसांनी मी भेटायला घरी गेलो, तेव्हा त्याने डॉक्टरांचा कागद माझ्यापुढे ठेवला. वर गोळ्यांची नावे आणि खाली तीन ओळी : रोज पाऊण तास चालावे, झोप पुरेशी घ्यावी, काळजी करू नये. तो म्हणाला, "भाऊ, गोळ्या मी घेईन. पण हे खालचं केव्हा करू, तेवढं सांगा."

मी तेथेच त्याची ड्युटी कागदावर मांडली. राहायला टिटवाळ्याला. गाडी काढायची सकाळी सहाला, म्हणून पहाटे साडेतीनला उठायचे. सहा ते दहा गाडीवर. मग चार तास सुटी, पुन्हा दोन ते सहा गाडीवर. घरी पोचेपर्यंत सव्वाआठ. ह्याला आमच्याकडे 'स्प्रेड ओव्हर' म्हणतात. काम आठच तासांचे, पण माणूस साडेसोळा तास घराबाहेर. मधल्या चार तासांत चालावे, असे कोणी म्हणेल. मीही म्हणालो. तो हसला. साडेतीनला उठलेला माणूस साडेदहाला डेपोतल्या बाकावर पाठ टेकतो. त्या वेळी त्याला फेऱ्या मारायला सांगणे ही थट्टाच आहे. आणि ह्यात कायद्याचा भंग झाला, असेही म्हणता येत नव्हते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि बारा तासांपर्यंत पसारा, असेच ठरवून दिले होते. (२०२५ च्या नोव्हेंबरात तो कायदा नव्या संहितेत विलीन झाला.) घरापासून डेपोपर्यंतची वाट कायदा मोजत नाही.

त्या दिवसापासून मी ह्या विषयाचे मिळेल ते वाचू लागलो. एका डॉक्टर मित्राने मला जेरी मॉरिस ह्या ब्रिटिश शास्त्रज्ञाचे काम समजावून सांगितले. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार का वाढतो आहे, हे कोणाला उमगत नव्हते. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वयाचे सुमारे ३१ हजार पुरुष अभ्यासाला घेतले. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच गाडीवर, एकाच वस्तीतले, पगारातही फारसे अंतर नाही. फरक एवढाच, की एक दिवसभर बसलेला आणि दुसरा दुमजली बसचा जिना दिवसातून पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. १९५३ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला : हृदयविकाराचे प्रमाण वर्षाला ड्रायव्हरांत हजारी २.७, तर कंडक्टरांत १.९. शिवाय कंडक्टरांना तो उशिरा होई आणि त्यातून मृत्यूही कमी होत. पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि टेबलावरचे कारकून यांच्यातही असाच फरक आढळला. व्यायामाचे आज जे शास्त्र आपण ऐकतो, त्याची सुरुवात अशी बसच्या जिन्यावर झाली, ह्याचा आम्हां वाहतूक कामगारांना थोडा अभिमान वाटला तर आपण रागावू नये.

पुढे ह्याच मंडळींनी आणखी एक मौज केली. गणवेश शिवून देणाऱ्या खात्याकडून ड्रायव्हर-कंडक्टरांच्या पँटींची मापे मागवली. १९५६ साली त्यांनी छापले, की ड्रायव्हरांची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी, आणि ती अगदी तरुण वयापासूनच मोठी. म्हणजे सारा दोष खुर्चीचा नसावा. मुळात कोण कोणत्या कामाकडे जातो, हाही प्रश्न आहे. आपल्याच सिद्धान्ताला लावलेली ही कात्री त्यांनी लपवली नाही, हे मला फार आवडले. माझ्यापुरते सांगायचे तर पुरावा घरातच आहे. चौदा वर्षे कंडक्टर होतो, कंबर तीस. युनियनच्या कचेरीत खुर्ची मिळाली आणि आता शिंपी अडतीसचे माप घेतो, वर साखरेची गोळी वेगळी. जाता जाता सांगतो, मुंबईत १९३७ पासून दुमजली बस धावली, पण आमच्याकडे वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असत. त्यामुळे जिन्याचे लंडनइतके पुण्य आमच्या वाट्याला आले नाही.

आता कोणी विचारील, मग अंगमेहनत करणारा कामगार सर्वांत धडधाकट असायला हवा की नाही? हा प्रश्न मी लहानपणापासून घरात पाहिला आहे. माझे वडील गिरणीत, रिंग खात्यात. आठ तास उभे आणि चालते. तरी पन्नाशीच्या आतच छातीत कापसाची धूळ बसलेली, पायांच्या शिरा फुगलेल्या. कोपनहेगनमधील एक लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका कमी होतो, पण कामावरच्या कष्टाने तो कमी न होता वाढतो, असे त्यात दिसले. कारण समजायला मला कठीण गेले नाही. व्यायामात दम लागला की माणूस थांबतो. साच्यापुढे थांबता येत नाही. ओझे किती, वेग किती, विसावा केव्हा, हे हमालाच्या हाती नसते.

ह्याच वडिलांनी तरुणपणी कबड्डीचे सामने गाजवले होते. गिरणगावात गल्लोगल्ली व्यायामशाळा आणि कबड्डीची मंडळे होती, ती कशाच्या जोरावर? पहिली पाळी साडेतीनला सुटे आणि घर भोंग्याच्या हाकेवर असे. उन्हे कलली की मैदान भरे. दुसऱ्या पाळीचा गडी त्या आठवड्यात संघाबाहेर. रात्रपाळीवाला दहा बाय दहाच्या खोलीत, पोरांच्या गलक्यात, झोपेची आराधना करत पडलेला. माणूस तोच, हौस तीच. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्यानंतर गिरण्याही गेल्या आणि ती संध्याकाळही गेली.

ही संध्याकाळ मुळात कोणी बक्षीस दिली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात मागण्या काय? रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सूर्यास्ताला काम बंद. पगारवाढ नव्हे, वेळ! रविवार मिळायला १० जून १८९० उजाडले. प्रौढ पुरुषांच्या तासांना पहिली मर्यादा १९११ साली, तीही बारा तासांची. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास, १९३४ मध्ये ५४, आणि १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना आलेल्या दुरुस्तीने, ४८. मी हा आरोग्याचाच इतिहास समजतो. दवाखान्याच्या इतिहासात तो येत नाही, एवढेच.

आणि आता चाक उलटे फिरू लागले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा नवावरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ कायम आहेत, असे उत्तर मिळते. पण बारा तास उभे राहिलेल्या माणसाला संध्याकाळ उरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली सांगितले, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्याला, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यापेक्षा, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. मोटारसायकलवरून जेवण पोचवणारी पोरे बारा-चौदा तास रस्त्यावर असतात. त्यांचे तास तर कोणी लिहूनही ठेवत नाही.

मात्र माझ्या सभासदांची बाजू घेताना मी त्यांचे अवगुण झाकणार नाही. डेपोच्या सभेत मी सरळ सांगतो, गुटख्याची पुडी तुझ्या तोंडात व्यवस्थापनाने घातलेली नाही. सुटीच्या दिवशी पत्त्यांचा डाव पाच तास चालतो आणि मैदान समोरच असते. मंडळी रागावतात. माझे पोट दाखवून हसतातही. त्या हसण्यामुळेच गेले वर्षभर मी कचेरीला दोन थांबे आधी उतरून चालत जातो.

पण जी गोष्ट एकट्याच्या हातची नाही, तिच्यासाठी युनियन आहे. आमचा अनुभव सांगतो. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरला दहा मिनिटे मिळावीत असे वेळापत्रक होते. खाली उतरावे, पाय मोकळे करावेत, पाणी प्यावे, लघवीला जावे. परंतु फेरीचा 'रनिंग टाइम' ठरला तो पंधरा वर्षांपूर्वीच्या रहदारीवर. आता गाडी उशिरा पोचते आणि ती दहा मिनिटे रस्त्यातच संपतात. मग माणसे पाणी पिणेच सोडतात. स्त्री कंडक्टर तर सकाळी घरून निघतानाच चहा टाळतात. कित्येकांना मुतखडा झाला. व्यवस्थापनाने ह्यावर उपाय म्हणून एका रविवारी योगाचे शिबिर भरवले. योगाला माझा विरोध नाही, पण शिबिराला यायला निम्म्यांची ड्युटी होती.

आम्ही घड्याळ घेऊन बसलो. अकरा मार्गांवर तीन आठवडे प्रत्येक फेरीची वेळ कंडक्टरांनी स्वतः टिपली. मी दहावी नापास, पण सरासरी काढायला शिकलो. तो तक्ता घेऊन चार वेळा कचेरीच्या पायऱ्या चढलो. पाचव्या वेळी तीन मार्गांचा रनिंग टाइम वाढवून मिळाला, आणि डेपोत बाराजणांना पडता येईल अशी, पंख्याची खोली. आमचा तो ड्रायव्हर सध्या त्यांतल्याच एका मार्गावर आहे. स्प्रेड ओव्हर सुटलेला नाही. शेवटच्या थांब्यावर मात्र तो खाली उतरतो आणि गाडीभोवती फेऱ्या मारतो; सात फेऱ्या होतात, असे त्याने मोजले आहे. बाकीच्या आठ मार्गांसाठीची बैठक ह्या महिन्याच्या अखेरीस आहे.