गव्हाचा भाव आणि गावचे पाणी



गव्हाची आधारभूत किंमत दिल्लीत ठरते. गव्हाला लागणारे पाणी मात्र गावच्या विहिरीत असते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हे आज पाहू.

रब्बीच्या पेरणीच्या सुमारास सरकार ही किंमत जाहीर करते. बाजार त्याखाली गेला तर सरकार माल घेईल, असा तिचा अर्थ. त्यासाठी १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी किंमत आयोग स्थापन झाले. भरवसा मिळाला की पेरा वाढतो. तोच गहू रेशनवर स्वस्त मिळाला की मागणीही वाढते. ज्वारी-बाजरीच्या घरात रोजची पोळी आली, ती काही अंशी याच वाटेने.

पण धोरण दुधारी असते. २०२२ साली युक्रेनच्या युद्धाने जगात गहू महागला आणि मार्चच्या उन्हाने आपल्याकडे दाणा बारीक राहिला. आधारभूत किंमत क्विंटलला २,०१५ रुपये होती. व्यापारी त्याहून जास्त देऊ लागले. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली. १३ मे रोजी निर्यात बंद झाली. खाणाऱ्याला दिलासा मिळाला, पण पिकवणाऱ्याच्या हातचा चढा भाव गेला.

शिवाय सरकारी खरेदी मुख्यतः पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशात होते. आपल्या बाजारात व्यापाऱ्याचाच भाव चालतो. मग नुसती जाहीर किंमत ऐकून, कमी पावसाच्या मुलखात गहू पेरावा काय?

याचे उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शोधले. पोपटराव पवार १९९० च्या सुमारास सरपंच झाले. गावाने ओढे-नाले अडवले, ऊस-केळी बंद केली, शेतीसाठी बोअर नको असे ठरवले. तिथे पाऊस मोजतात, विहिरी पाहतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसे व गुरे, मग पिके. गव्हाला पाच-सहा पाणी लागतात. ज्वारी जमिनीतल्या ओलीवरही निघते. पाणी कमी त्या साली जास्त पाण्याचे पीक टाळायचे, एवढा साधा हिशेब.

तेव्हा मंडळी, भाव जरूर ऐका, पण आधी विहिरीत डोकावा. आणि गुरुजी, शाळेच्या फळ्यावर रोजचा पाऊस आणि आठवड्याचा गव्हाचा भाव शेजारी-शेजारी लिहवून घ्या. मुले तो हिशेब घरी नेतील.