निरोप यंत्राचा, जोखीम शेतकऱ्याची
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



२०१३ साली केंद्र सरकारने 'एमकिसान' सुरू केले आणि शेतीचा सल्ला मोबाइलवर एसएमएसने येऊ लागला. २०२२ साली 'भाषिणी' आली. इंग्रजी मजकूर आता यंत्र क्षणात मराठीत करते. याला आपला विरोध नाही. तंत्रज्ञान आपल्याला हवेच आहे. प्रश्न एवढाच, की चूक झाली तर तिची किंमत कोण मोजणार?

कृषी महाविद्यालयात आम्ही शिकलो ते इंग्रजी शब्दांतून. गव्हावरचा 'रस्ट' म्हणजे तांबेरा. शब्दकोशात तो गंज. 'नर्सरी' म्हणजे रोपवाटिका. शहरात तीच बालवाडी. 'ग्रॅम' म्हणजे हरभरा, आणि वजनाचा ग्रॅमही. यंत्राला पीक दिसत नाही, शेजारचे शब्द तेवढे दिसतात. निरोप तोकडा असला की तोही आधार जातो.

आणि निरोप तोकडाच असतो. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे बसतात, देवनागरीची ७०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजतात. निरोप लांबला की त्याचे तुकडे होतात. शिवाय इंग्रजीत नकार आधी येतो, मराठीत शेवटी. 'वारा असताना फवारणी करू नका' यातला शेवटचा शब्द गळाला, की मनाईची शिफारस झाली!

तीच गत प्रमाणाची. शिफारस हेक्टरी, आपला हिशेब एकरी. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. भाषांतरात हेक्टरचा एकर झाला आणि आकडा तसाच राहिला, तर अडीचपट औषध रानात जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ते काही एसएमएसमुळे नव्हे. पण विषाशी गाठ असते तेव्हा चूक जिवावर बेतते, हे त्या घरांना विचारा.

म्हणून आपली मागणी सरळ आहे. औषध, प्रमाण किंवा मनाई असलेला निरोप पीक जाणणाऱ्या मराठी माणसाने वाचल्याशिवाय सुटता कामा नये. तपासणाऱ्याचे पद आणि उलट विचारण्याचा नंबर त्यात हवा. चुकीच्या निरोपाने पीक गेले तर ज्याने तो धाडला त्याने भरपाई द्यावी. सल्ला फुकट आहे म्हणून जबाबदारी माफ होत नाही.

तोवर आपण काय करायचे? निरोप बाटलीवरच्या लेबलाशी ताडून पाहा. शंका आली तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारा. आणि निरोप पुसू नका. उद्या भांडायची वेळ आली तर तोच आपला पुरावा आहे.