स्वयंसेवकांची परिषद आणि तिचे चित्रण

आजच्या भाषणाचा विषय काहीसा कारागिरीचा आहे. शिक्षकांची परिषद, ग्रंथालयांचे अधिवेशन, एखाद्या विज्ञान मंडळाचा वार्षिक मेळावा असे कित्येक समारंभ केवळ स्वयंसेवकांच्या बळावर पार पडतात. हल्ली अशा सभांच्या कार्यकारी मंडळात एक प्रश्न हटकून निघतो: भाषणांचे चित्रण करावयाचे आणि ते त्याच वेळी घरी बसलेल्यांना दाखवावयाचे, तर कॅमेरा कोणता घ्यावा? ज्याच्या हाती जन्मभर खडू होता त्या माझ्यासारख्या माणसाने या भानगडीत पडावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु अशा सभांचे सामान मोजून घेण्याचे व मोजून परत करण्याचे काम मजकडे पुष्कळदा आलेले आहे. आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की, हा प्रश्न मुळातच उलट्या टोकाने विचारला जातो. कॅमेऱ्याची पाळी सर्वांत शेवटी यावयास हवी.

प्रथम आवाज. मी या क्षणी आपल्याशी रेडिओवरून बोलत आहे. माझा चेहरा आपणांस दिसत नाही, आणि त्यावाचून आपले काही अडलेले नाही. उलट चेहरा दिसला असता आणि शब्द ऐकू आले नसते, तर आपण एव्हाना उठून गेला असता. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शिक्षकांचा मेळावा भरला होता. एका वयोवृद्ध गुरुजींनी तेथे शेतकऱ्यांच्या बोलीतील शब्दांवर दीड तास भाषण केले. मंडळाने वर्गणी काढून उत्तम कॅमेरा आणला होता, आणि तो सभागृहाच्या मागल्या भिंतीशी उभा केला होता. चित्र इतके स्वच्छ आले की गुरुजींच्या उपरण्याचा काठही मोजून घ्यावा. आवाज मात्र कॅमेऱ्याच्या अंगच्या माइकने टिपलेला; त्यात डोक्यावरच्या पंख्याची घरघर आहे, कोणाचे खोकणे आहे, आणि गुरुजींचे शब्द तेवढे नाहीत. पुढच्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या वह्यांत त्या शब्दांपैकी निम्मेही लिहिलेले सापडले नाहीत.

म्हणून मंडळाजवळ पैसे थोडे असतील तर ते आधी माइकवर खर्च करावेत. वक्त्याच्या छातीवर लावावयाचा एक बिनतारी माइक, श्रोत्यांतून प्रश्न येतील त्यासाठी हातात धरण्याचा दुसरा, आणि दोघांचा आवाज एकत्र करणारा लहानसा मिक्सर, एवढे पुरते. एक बारकावा येथे सांगितला पाहिजे. मिक्सरमधून बाहेर पडणारा प्रवाह माइकच्या प्रवाहाहून कितीतरी पटींनी जोरकस असतो. तो कॅमेऱ्याच्या माइकच्या खोबणीत तसाच सोडला, तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही. कॅमेऱ्यात ‘लाइन’ अशी निराळी सोय असल्यास ती वापरावी. नसल्यास प्रवाह उतरवणारे साधन मध्ये जोडावे. शिवाय सभा चालू असेपर्यंत एका माणसाच्या कानाला हेडफोन असलाच पाहिजे. काटा हलतो आहे एवढ्यावर विश्वासू नये. पंख्याच्या आवाजानेही काटा हलतो.

आवाजामागून फळा. हल्ली फळ्याची जागा पडद्याने घेतली आहे. या पडद्याचेच चित्र कॅमेऱ्याने घेतले तर अक्षरे फिकट येतात आणि वक्ता काळोखात बुडतो. त्यापेक्षा वक्त्याच्या संगणकातून पडद्याकडे जाणारी जी एचडीएमआय तार, तिचीच एक शाखा काढून कॅप्चर कार्डाच्या द्वारे चित्रणाच्या संगणकात घ्यावी. वक्त्यांचे संगणक नाना प्रकारचे असतात व त्यांच्या खोबण्याही नाना प्रकारच्या. तेव्हा जोडण्या जवळ ठेवून प्रत्येक वक्त्याला मधल्या सुट्टीत एकदा जोडून पाहावयास लावावे. यात संकोच करू नये.

आता कॅमेरा. छायाचित्रे काढण्याचा भारी कॅमेरा कोणातरी सभासदाकडे असतोच, आणि तो तो मोठ्या प्रेमाने देऊ करतो. त्याचे आभार मानावेत आणि आधी तो दोन तास चालवून पाहावा. अशा जुन्या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळांचे चित्रण अर्धा तास भरण्यापूर्वीच आपोआप थांबते. अर्ध्या तासाहून अधिक चित्रण करणाऱ्या यंत्रावर युरोपात निराळी जकात बसत असे, त्याचा हा परिणाम. काही कॅमेरे तापून बंद पडतात. सभेला उपयोगी तो साधा कॅमकॉर्डर: भिंगाने खराखुरा झूम करणारा, विजेच्या तारेवर दिवसभर चालणारा, आणि अक्षरे व खुणा वगळून स्वच्छ चित्र बाहेर देणारा. मोबाइलही लहान खोलीत काम देतो; मात्र तो जवळ ठेवावा लागतो आणि त्यावर येणारे फोन बंद करावे लागतात. आपल्याकडे विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा आहे, म्हणून सेकंदाला २५ चित्रे आणि शटर १/५० असे ठेवावे. नाहीतर दिव्यांच्या उजेडात चित्रावर पट्टे सरकू लागतात. कॅमेरा मंचापासून दूर असल्यास लांब एचडीएमआय तारेचा भरवसा धरू नये. दहापंधरा मीटरांपलीकडे ती दगा देऊ लागते. एसडीआय तार शंभर मीटरांपर्यंत जाते, आणि तिचे टोक फिरवून पक्के बसते, हा मोठाच गुण. कारण सभेत तारेला पाय अडकतोच.

थेट प्रक्षेपणाचे गणित सोपे आहे. चांगल्या चित्राला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट पाठवावे लागतात. म्हणजे तासाला सव्वादोन गिगाबाइट. इंटरनेटच्या जाहिरातीतला आकडा बहुधा घेण्याचा असतो, आपणांस हवा तो पाठवण्याचा. तो गरजेच्या दुप्पट असावा, आणि ज्या वेळी सभा भरावयाची त्याच वेळी आदल्या दिवशी मोजून पाहावा. जोडणी तारेचीच घ्यावी. सभागृहातील वायफाय तीनशे श्रोत्यांचे मोबाइल वाटून खातात. यूट्यूबवर प्रथमच प्रक्षेपण करणाऱ्याला परवानगीसाठी २४ तासांपर्यंत थांबावे लागू शकते, ही गोष्ट सभेच्या दिवशी सकाळी समजून उपयोगाची नाही. ओबीएस स्टुडिओ हा विनामूल्य प्रोग्राम चित्र पाठवतो आणि त्याच वेळी संगणकात साठवूनही ठेवतो. तरी कॅमेऱ्यातील कार्डावर निराळे चित्रण चालू ठेवावेच. वीज किंवा इंटरनेट गेले तरी भाषण वाचते.

आता, ही यंत्रे चालवावयाची कोणी? येथे डेबियनचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. संगणकाची मुक्त कार्यप्रणाली घडवणारा हा स्वयंसेवकांचा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला. त्याची वार्षिक परिषद २००० सालापासून भरते. २०२३ च्या सप्टेंबरात ती केरळात कोची येथे भरली होती. तेथे चित्रणाचे काम पाहुणे म्हणून आलेले लोकच वाटून घेतात. एकाने वक्त्यावरचा कॅमेरा धरावयाचा, एकाने श्रोत्यांकडचा, एकाने आवाज सांभाळावयाचा, एकाने कोणते चित्र केव्हा बाहेर जावे ते ठरवावयाचे. परिषदेच्या आरंभी त्यांना थोडक्यात शिकवले जाते. चित्रे मिसळण्यासाठी ते व्हॉक्टोमिक्स नावाचा प्रोग्राम वापरतात. जर्मनीतील केऑस कॉम्प्युटर क्लबच्या चित्रण गटाने तो आपल्या परिषदांसाठी तयार केला. त्यात मांडण्या मोजक्याच: वक्ता एकटा, पडदा एकटा, किंवा दोन्ही शेजारी शेजारी. दूरदर्शनच्या कलाकुसरीला तेथे वाव नाही, आणि म्हणूनच नवखा मनुष्य ते काम निभावतो. आपल्या मंडळानेही खरेदीपूर्वी हीच कसोटी लावावी. कॅमेरा दुकानातून भाड्याने आणावा, आणि ज्याने तो कधी हाती धरलेला नाही अशा एखाद्या सभासदाला पाव तासात शिकवून पाहावे. त्याला जमले नाही, तर कॅमेरा कितीही नामांकित असो, तो परत करावा. तारा, माइक व जोडण्या मात्र स्वतःच्या असाव्यात. भाड्याच्या तारांत एखादी तरी तुटकी निघते.

आणखी एक काम आहे, ते बहुधा कोणाच्या वाट्याला येत नाही. सभा संपली की सतरंज्या उचलावयाला माणसे असतात, परंतु कार्ड मात्र कोणाच्या तरी खिशात घरी जाते आणि पुढच्या लग्नाच्या चित्रणात पुसले जाते. तेव्हा एका माणसाचे नाव आधीच ठरवून ठेवावे. त्याने त्याच रात्री सर्व चित्रण दोन निरनिराळ्या डिस्कांवर उतरवावे, प्रत्येक फाइलला तारीख, वक्त्याचे नाव व विषय द्यावा, प्रत्येकीचा आरंभ, मध्य आणि शेवट कानांनी ऐकून पाहावा, आणि एक डिस्क दुसऱ्या सभासदाच्या घरी पोहोचवून मगच कार्ड मोकळे करावे.