मित्राला एक बापू हवा



शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटकांबद्दल मी बोलावं, असा तुमचा आग्रह. आपल्या वेळी मुलगेच लुगडी नेसून स्त्रीपार्ट करायचे आणि मंडप हसून हसून लोटपोट व्हायचा. त्या आठवणी इतर जण सांगतीलच. मला बोलायचंय विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकाबद्दल.

१९८१ साली ते रंगभूमीवर आलं. सुमित्राची, म्हणजे 'मित्रा'ची भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाचं काम करते आणि समोरच्या नमावर तिचा जीव जडतो. बोभाटा होतो, माणसं तुटत जातात. बापू तिचा जिवाभावाचा मित्र. शेवटी तोही दुरावतो आणि मित्रा जीव देते.

असंच विलायतेतही घडलं होतं. सिमियन सॉलोमन हा लंडनच्या ज्यू घराण्यातला नावाजलेला चित्रकार. पुरुषाशी असलेल्या संबंधावरून १८७३ मध्ये त्याला अटक झाली आणि कालपर्यंत वाहवा करणाऱ्या बहुतेकांनी पाठ फिरवली. १९०५ साली तो निराधारांच्या वर्कहाउसमध्ये वारला. त्याच व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत, १८६० साली, कलम ३७७ आपल्याकडे आलं. प्रौढांच्या राजीखुशीच्या समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का सर्वोच्च न्यायालयानं पुसला तो ६ सप्टेंबर २०१८ रोजी.

कायदा बदलला, पण घर? माझ्या भाच्यानं आपलं मन आधी आईला नाही, मला सांगितलं. त्याच्या परवानगीनंच हे बोलतोय. म्हणाला, "मामा, करमाळ्याला जत्रेला येऊ ना मी? की लोक विचारतील, लग्न कधी?" मी म्हटलं, "ये. विचारणाऱ्याला मी बघतो." तो आला. कमलाभवानीचं दर्शन घेतलं, भेळ खाल्ली. आभाळ कोसळलं नाही.

ज्या रंगभूमीनं शालू नेसलेल्या बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं, त्या रंगभूमीच्या प्रेक्षकांना एवढं जमायला हरकत नाही. सर, बाई, तुमच्यापैकी काहींच्या सुना-मुली आज शिक्षिका आहेत. वर्गात एखादं लेकरू गप्प गप्प दिसलं, तर त्याला चिडवणाऱ्यांना आधी थांबवा, असं त्यांना जरूर सांगा. आणि आपण सगळे आजी-आजोबा व्हायच्या वयात आलोय. उद्या नातवंड काही सांगायला आलं, तर ऐकून घेऊ. मित्राला शेवटपर्यंत टिकणारा एक बापू मिळाला असता, तर नाटकाचा शेवट वेगळा झाला असता.