चाकांवरच्या घरांतील टेलिव्हिजन

मोटारीच्या मागें जोडून न्यावयाच्या घरांस अमेरिकेंत ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. इंडियाना संस्थानांतील एल्कहार्टच्या परिसरांत त्यांचे अनेक कारखाने आहेत. अशा घरांत टेलिव्हिजनचा संच टांगणाऱ्याची फसगत बहुधा भिंतीच करतात. त्या विटांच्या नसतात. आंतून तीन-चार मिलिमीटर जाडीचें प्लायवुड, बाहेरून पातळ पत्रा किंवा फायबरग्लास आणि मधें लांकडी वा अ‍ॅल्युमिनियमची चौकट, अशी त्यांची सामान्य घडण असते. नुसत्या प्लायवुडांत बसविलेल्या स्क्रूचें छिद्र गाडीच्या थरथरीनें रुंदावत जातें आणि शेवटीं स्क्रू निसटतो.

आतां थोडा हिशेब पाहूं. ५ किलो वजनाचा संच भिंतीपासून ४० सेंटिमीटर पुढें काढलेल्या दांड्यावर आहे आणि आधारपट्टीच्या वरच्या व खालच्या स्क्रूंत १० सेंटिमीटर अंतर आहे, असें समजा. वरच्या स्क्रूंवर सुमारें २० किलोंची ओढ पडते; खड्ड्याच्या धक्क्यानें ती दुप्पटहि होईल. तोच दांडा मिटवून संच ८ सेंटिमीटरांवर आणला, कीं ओढ ४ किलोंवर येते. वजन तेंच, फरक केवळ अंतराचा.

म्हणून प्रथम चौकट शोधावी. तिच्यांतील पोलादी स्क्रू व पिना लोहचुंबकानें सांपडतात. कित्येक कारखानदार टेलिव्हिजनसाठीं भिंतींत जाड फळी घालूनच देतात; तिची जागा त्यांसच विचारावी. फळी नसल्यास १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवुडचा तुकडा चौकटीच्या दोन उभ्या दांड्यांस जोडावा व त्यावर आधारपट्टी बसवावी. आंतल्या आडभिंतीस आरपार बोल्ट घालून पलीकडे रुंद पट्टी व नायलॉनचें कडें असलेले नट लावावे. ते थरथरीनें सहसा सैल होत नाहींत. बाहेरच्या भिंतींत मात्र स्क्रूची लांबी मोजूनच घ्यावी. लांब स्क्रू आंतील विजेची तार तोडील, नाहीं तर बाहेर निघून पावसास वाट देईल.

प्रवासांत ट्रेलरमध्यें सहसा कोणी नसतें. संच पडल्याचें दार उघडल्यावरच कळतें. त्याहून घातक तो अर्धवट सुटलेला स्क्रू, जो मुक्कामाच्या रात्रीं निजलेल्या मुलाच्या डोक्यावर संच आणतो. यासाठीं निघतांना दांडा मिटवून खिटी लावावी व पट्ट्यानें आवळावा. रस्ता फार खडबडीत असल्यास संच उतरवून बिछान्यावर ठेवावा. मुक्कामीं पोंचतांच, मुलें निजण्यापूर्वीं, आधारपट्टी हातानें हलवून पाहावी. ती किंचितहि डुलली, तर त्या रात्रीं संच खालींच राहूं द्यावा.